ताडपत्रीवर मांडलेलं लोखंड

"पेटीत असेल तर गाडीत येईल."

आत्याबाईंचं हे बोलणं आमच्या भागात लहान पोरांनाही पाठ होतं. मूळ म्हण त्यांच्या आईची: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आत्याबाईंनी तिच्यातला आड काढला, पोहरा काढला, आणि तिथे आपली पेटी आणि सरकारची बस बसवली. एका गाडीचा भाग काढून दुसऱ्या गाडीला बसवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या हातून म्हण तरी कशी सुटेल?

पेटी खरोखरच होती. पत्र्याची, हिरव्या रंगाची, लग्नात कपडे ठेवायला मिळालेली. नवऱ्याच्या घरी ती जेमतेम वर्षभर राहिली. पुढे आत्याबाई बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागल्या आणि पेटीही त्यांच्याबरोबर कामाला लागली. कपडे बाहेर, लोखंड आत. वर पितळी कुलूप, आणि कुलपाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात.

तो काळ सरकारच्या उमेदीचा होता. सगळं आपणच करायचं असं सरकारने मनावर घेतलं होतं. गाड्या सरकारच्या, गाड्यांच्या काचा सरकारच्या, गाडीत कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो तो चिमटासुद्धा सरकारी कारखान्यातला. माणसं भराभर कामावर घेतली जात होती. आत्याबाईंच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पाना धरायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्या मदतनीस म्हणून लागल्या. पुऱ्या वर्कशॉपमध्ये बाई अशी त्या एकट्याच.

पहिल्याच दिवशी लेथवर काम करणाऱ्या टर्नरने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं ऐकलं होतं. ही तर पाना घेऊन आली. हिला आता काय म्हणायचं?"

त्यांनी ग्रीसच्या डब्यात दोन बोटं बुडवली, नाकाखाली डावी-उजवी एकेक मिशी ओढली आणि म्हणाल्या, "घे. आता काका म्हण आणि तो जॅक इकडे सरकव."

जॅक आला. हसण्याने वर्कशॉपचे पत्रे वाजले. मिशा संध्याकाळी रॉकेलने पुसल्या गेल्या, पण आत्याबाई हे नाव कायमचं राहिलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणाला विचारलं तर तो डोकं खाजवायचा.

आमचं गाव त्या डेपोच्या हद्दीच्या शेवटच्या टोकाला, डोंगरावर. वरचं गाव म्हणतात. आत्याबाईंचं ते माहेर. चढ असा की वरच्या गावाला जाणाऱ्या गाडीचा आवाज आधी अर्धा तास ऐकू यायचा आणि मग गाडी दिसायची. सकाळी एक फेरी, दुपारी एक. बाळंतीण त्याच गाडीने खाली जायची, बाळ घेऊन त्याच गाडीने वर यायची. शाळेची परीक्षा, दातांचा डॉक्टर, कोर्टाची तारीख, जे काय असेल ते त्या एका गाडीवर. आणि ती गाडी आत्याबाईंची होती. म्हणजे सरकारचीच, पण आत्याबाईंची.

इथे डेपोची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कागदोपत्री सगळ्या गाड्या सगळ्यांच्या. प्रत्यक्षात प्रत्येक मेस्त्रीने चार-पाच गाड्या आपल्या मानलेल्या. या माझ्या, त्या तुझ्या. माझी गाडी आजारी पडली तर रात्री जेवण मला गोड लागणार नाही, तुझी पडली तर मला काय त्याचं? सुटा भाग लागला की मोठ्या भांडाराला मागणी जायची. ती मागणी एका टेबलावरून दुसऱ्यावर अशी चालत जायची की जाताना तरणी असलेली परत येताना म्हातारी होऊन यायची. मागवलेला असायचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करायची मोटर, आणि यायचे काच पुसायचे वायपर. तेही दुसऱ्याच बनावटीच्या गाडीचे.

मग मेस्त्री काय करणार? भंगारात निघालेल्या गाडीतला चांगला भाग काढून ठेवायचा. भांडारातून चुकून दोन आले तर एक बसवायचा आणि एक दडवायचा. शेजाऱ्याची गाडी उघडी दिसली तर... आता पुढचं कशाला बोला. प्रत्येकाची पेटी होती, प्रत्येकाचं कुलूप होतं, आणि सगळ्यांत मोठी पेटी आत्याबाईंची. पेटीत मावेना तेव्हा त्यांनी घरातली कोठीची खोली भरली. त्याचा त्यांना अभिमान होता. म्हणायच्या, "माझी गाडी कुणाच्या सहीसाठी थांबत नाही."

खरंच थांबायची नाही. मात्र डेपोच्या मागच्या आवारात थांबलेल्या गाड्यांची रांग दर वर्षी लांबत होती. एकीच्या खिडकीतून वेल आत शिरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडलेला. एकीच्या ड्रायव्हरच्या आसनाखाली रखवालदाराच्या कोंबड्या अंडी घालायच्या. रखवालदार कंडक्टरांना सांगायचा, "तुमच्यापेक्षा ही गाडी बरी. रोज काहीतरी उत्पन्न देते."

डेपोत आत्याबाईंच्या तोडीचा एकच माणूस होता. डिझेलचे पंप उघडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्याला पंपमेस्त्री म्हणत. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. त्याचं आणि आत्याबाईंचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या गाडीचा नवाकोरा सेल्फ नाहीसा झाला. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त आत्याबाईंच्या पेटीकडे बघितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याबाईंच्या गाडीतली, इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं गेली. त्यांनीही कुणाचं नाव घेतलं नाही. दोघं गाडीखाली खणलेल्या शेजारशेजारच्या खड्ड्यांत उभे राहून काम करायचे आणि बोलायचे रखवालदारामार्फत.

"त्या बाईंना सांगा, त्यांची सावली माझ्या कामावर पडतेय."

"त्यांना सांगा, सावली सरकारी आहे. मागणी करून दुसरी मागवा म्हणावं."

असं चाललं होतं. मग वारं फिरलं.

सरकारची तिजोरी आटली. वर नवी माणसं आली, नवं धोरण आलं. सगळं आपणच करायचं म्हणणारं सरकार आता म्हणू लागलं, आपल्याला जे धड चालवता येत नाही ते चालवायचंच कशाला? खोटं कसं म्हणावं? ज्यांनी बसची वाट बघत उन्हात दुपारी काढल्या होत्या त्यांनाही ते पटलं. एकेक सरकारी कारखाना मोजला जाऊ लागला. चालता तो ठेवायचा, लंगडा तो बंद करायचा आणि जागा विकायची. होता होता पाळी बस डेपोंवर आली.

डेपोचा मॅनेजर तरुण होता, नुकताच आलेला. त्याने सगळ्यांना फाटकाजवळ गोळा केलं आणि घसा साफ करून सांगितलं. महिनाअखेरीला राजधानीतून अधिकारी बाई येणार. त्या दिवशी डेपोच्या निम्म्याहून जास्त गाड्या स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडल्या तर डेपो राहील. नाही पडल्या तर डेपो बंद. माणसांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवणार, आणि रस्ते खाजगी गाड्यांना मोकळे.

"खाजगी गाड्या वरच्या गावाला जातील?" आत्याबाईंनी विचारलं.

मॅनेजर खोटं बोलणारा नव्हता. "सपाटीवर जातील, आत्याबाई. चढावर कोण टायर झिजवेल?"

टर्नर मात्र खुशीत होता. "मी तर किराणा दुकान टाकणार. गल्ल्यावर बसायचं, पंखा लावायचा. बास झालं हे ग्रीस."

"तुला कोण उधार देणार?" कुणीतरी म्हणालं.

"अरे, मी दुकानदार होणार, गिऱ्हाईक नाही!"

सगळे हसले, पण ते हसणं घशाखाली उतरलं नाही. मागच्या आवारात जाऊन ज्याने त्याने मनातल्या मनात मोजलं होतं. चालत्या गाड्या निम्म्याच्या बऱ्याच खाली होत्या.

आत्याबाईंनी त्याच दिवशी मागच्या रांगेतली त्यातल्या त्यात धड असलेली गाडी ओढून आत घेतली. वेल कापला. कोंबड्या हाकलल्या, तेव्हा रखवालदार सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसा बघत राहिला. त्यांनी पेटी उघडली आणि कामाला लागल्या. हे बसवलं, ते बसवलं, क्लच झाला, ब्रेक झाले. चार दिवसांनी त्या थांबल्या. नोझलं नव्हती. पेटीत नव्हती, कोठीच्या खोलीत नव्हती. कुठे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या खड्ड्यावर पंपमेस्त्रीनेही एक गाडी घेतली होती आणि तोही थांबला होता. त्याच्या गाडीला सेल्फ नव्हता. तो कुठे आहे हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

दोघं आपापल्या गाडीला टेकून उभे होते. मध्ये रखवालदार, निरोपाची वाट बघत.

"काय सांगू?" त्याने शेवटी विचारलं.

"काही नाही," दोघंही म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी आत्याबाईंनी ताटावर बसल्या बसल्या सगळी हकिकत सांगितली. सूनबाई वाढत होत्या. या सूनबाई जिभेच्या तिखट, पण सासूवर जीव. त्यांनीच पुढे ही गोष्ट आम्हाला सांगितली, आणि स्वतःचं बोलणं कमी करून सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

"म्हणजे तुमच्याकडे त्यांचं आहे आणि त्यांच्याकडे तुमचं," सूनबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे त्यांचं काही नाही."

"आई, कोठीच्या खोलीत पाळणा टांगायला गेले तेव्हा माझ्या पायावर पडलं होतं ते काय होतं? सेल्फच ना? तुम्हीच म्हणालात, सांभाळ गं, पायाचं काय, सेल्फला पोचा पडेल."

आत्याबाईंनी आमटीची वाटी पुढे ओढली.

"माझ्या माहेरी तिघी जावा, तीन चुली. एकीने दूध दडवलेलं, एकीने साखर, एकीने चहाची पूड. तिघींना वाटायचं आपण भारी हुशार. एकदा भर दुपारी पाहुणा आला. तास दीड तास बसला आणि पाणी पिऊन गेला. गावभर काय झालं माहीत आहे? या घरात काही नाही असं झालं. घरात सगळं होतं, आई."

"तू मला शिकवतेस?"

"नाही बाई. मी आपली पाळणा कुठे टांगायचा ते विचारतेय."

आत्याबाईंनी हात धुतला. बराच वेळ त्या कोठीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आयुष्यभराची कमाई जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेली होती. त्यांच्या पेटीत होतं. तरी गाडीत येत नव्हतं. आपलं एवढं घोकलेलं वाक्य असं उलटं उभं राहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा भोंगा झाला तेव्हा डेपोच्या आवारात, अगदी मधोमध, एक मोठी ताडपत्री पसरलेली होती. मुलगा आणि सून हातगाडी ढकलत आले. आत्याबाईंनी गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली, आणि भरलेल्या घागरीसारखी ताडपत्रीवर पालथी केली. मग हातगाडी पालथी केली. सून परत गेली आणि आणखी एक हातगाडी भरून आली.

माणसं खड्ड्यातून वर आली. इतकं लोखंड! बेअरिंगं कागदात गुंडाळलेली, गिअर तेलात बुडवून फडक्यात बांधलेले, क्लचच्या प्लेटा ताटांसारख्या एकावर एक. उन्हात सगळं असं लखलखलं की बघणाऱ्यांना डोळ्यांवर हात धरावा लागला.

"दुकान मांडलं काय आत्याबाई?" टर्नर म्हणाला. "माझ्या आधीच?"

"मांडलं. फुकट आहे सगळं. एकच अट. न्यायचं ते गाडीत बसवायचं, पेटीत नाही."

कुणी हललं नाही. त्या ताडपत्रीच्या कडेला एकट्या बसल्या होत्या, पदर खोचून, हनुवटी वर करून. हसायचं की पाया पडायचं हे कुणाला कळेना. कुणी म्हणालं, म्हातारीला वेड लागलं. कुणी म्हणालं, झाकली मूठ सव्वा लाखाची, हिने कशाला उघडली?

मग पंपमेस्त्री पुढे आला. ताडपत्रीभोवती एक फेरी मारली. वाकला, आणि ढिगातून एक वस्तू उचलली. सेल्फ. त्याच्या अंगावर त्याने स्वतः पंचने मारलेली खूण होती. ती त्याने अंगठ्याने चोळली.

"हा माझा," तो म्हणाला. रखवालदाराला नाही, सरळ आत्याबाईंना.

"तुझाच," आत्याबाई म्हणाल्या. "मीच नेला होता. जेवणाच्या सुट्टीत. तू हात धुवायला गेलास तेव्हा. आता उचल आणि बसव, वर तोंड करून बघत काय राहिलास?"

पंपमेस्त्रीने सेल्फ काखेत मारला आणि वळून चालू लागला. झालं, गेला, असं सगळ्यांना वाटलं. तो आपल्या पेटीपाशी गेला, कुलूप उघडलं आणि अख्खी पेटी दोन्ही हातांनी ओढत, फरशीवर खरखर करत घेऊन आला. ताडपत्रीवर ओतली. वरच, तेलकट फडक्यात, नोझलं होती.

आत्याबाईंनी ती बघितली. मग त्याच्याकडे बघितलं.

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक," त्या म्हणाल्या.

"एकाच माळेचे मणी," पंपमेस्त्री म्हणाला, आणि हसला. त्याचे दात डेपोतल्या नव्या पोरांनी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

मग जे सुरू झालं ते मी किती सांगू! पेट्या ओढल्याचा खरखराट दिवसभर चालला होता. दुपारी बायका घरून सामान घेऊन येऊ लागल्या. एकीने ब्रेकच्या ड्रममध्ये तुळस लावली होती, ती काढून मडक्यात लावली आणि ड्रम डोक्यावर घेऊन आली. एकाच्या खाटेखालून रेडिएटर निघाला. त्याची बायको म्हणाली, "इतकी वर्षं मी याच्यावर झोपले, आणि मला सांगितलं होतं की ते सासऱ्यांचं आहे म्हणून हात लावू नको!" रखवालदाराच्या शेळ्यांच्या गोठ्याचं छप्पर म्हणजे एका बसचं बोनेट होतं. त्याने तेही आणलं. दोन शेळ्या मागोमाग आल्या, छप्पर कुठे चाललं ते बघायला.

त्यानंतर डेपोत माझी गाडी, तुझी गाडी राहिली नाही. ज्याला जे येतं ते त्याने करायचं. पंप सगळे पंपमेस्त्रीकडे, क्लच सगळे आत्याबाईंकडे. मॅनेजरने कोट काढून ठेवला आणि टायर गडगडवायला लागला. मागच्या आवारातली रांग सरकू लागली. वेल कापले जात होते, मेलेली इंजिनं खोकत होती, काळा धूर सोडत होती आणि मग घसा मोकळा झाल्यासारखी गाऊ लागत होती. आत्याबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर: "दाब! सोड! अरे क्लच आहे तो, बायकोचा पाय नाही, जोरात दाब!"

महिनाअखेरीला अधिकारी बाई आल्या. साधं माणूस. चष्मा, पायांत सपाट चपला, बरोबर लवाजमा नाही. त्या म्हणाल्या, "मला सगळीकडे एकाच मापाने मोजावं लागतं. इथे कमी-जास्त करता येणार नाही, हे आधीच सांगते."

"मोजा मॅडम," आत्याबाई म्हणाल्या. "आम्हाला मापात पाप नको."

आम्ही वरच्या गावची माणसं पहाटे निघून डोंगर उतरून चालत आलो होतो. म्हातारे, पोरंटोरं, सगळे. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला बसलो होतो. रखवालदाराने दोन ढीग करायचे ठरवले होते. गाडी बाहेर पडली की एक खडा उजवीकडे. आत उभी राहिली की एक खडा डावीकडे.

पहिली गाडी पंपमेस्त्रीच्या जुन्या चार-पाचांतली. बाहेर पडली तेव्हा आमच्यातल्या पोरांनी आरोळी ठोकली. मग दुसरी, तिसरी. काही धुतलेल्या, काहींना दोन रंगांचे पत्रे, एकीचं बोनेट शेळ्यांनी चाटून चकचकीत केलेलं. उजवा ढीग वाढत गेला. पण डावा ढीगही लहान नव्हता. काही गाड्या खरंच संपल्या होत्या, त्यांना देवही उठवू शकला नसता. शेवटी दोन्ही ढीग सारखे झाले. अगदी सारखे. आणि आत एकच गाडी राहिली. वरच्या गावची.

तिचं इंजिन सुरू होत होतं, पण पाणी ठरत नव्हतं. रेडिएटरपासून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी आदल्या संध्याकाळी फाटली होती. त्या मापाची नळी साऱ्या ताडपत्रीवर नव्हती. आत्याबाईंनी पट्ट्या गुंडाळल्या, तारेने आवळल्या, पाणी तरी पिचकारीसारखं उडत होतं.

"ढकलू का आपण सगळे?" आमच्यातला एक जण ओरडला. "चाकं तिचीच आहेत!"

"गप रे," आत्याबाई आतून म्हणाल्या. "चढावर कोण ढकलणार आहे, तुझा मामा?"

अधिकारी बाईंनी घड्याळ बघितलं नाही. त्या नुसत्या उभ्या होत्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता. मॅनेजर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता.

तेवढ्यात टर्नर आपल्या लेथपासून उठला. सबंध महिनाभर त्याने काम केलं होतं, पण हात राखून. तो लेथच्या मागे वाकला, भिंतीतली एक सुटी वीट काढली आणि आतून गुंडाळी बाहेर ओढली. पावडर लावून जपून ठेवलेली, नवी, जाड, काळी नळी. ती घेऊन तो आला तेव्हा त्याची मान खाली होती.

आत्याबाईंनी नळी हातात घेतली. वाकवून बघितली.

"दुकान कसलं टाकणार होतास?" त्यांनी विचारलं.

"किराणा."

"चांगलं चाललं असतं. माल दडवायचा हात आहे तुला." आणि मग, नळी बसवता बसवता, "पाना दे. बारा नंबर. आणि रडू नको, ग्रीसमध्ये पाणी जातं."

अधिकारी बाई जवळ आल्या. "हे सगळं सरकारी सामान," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण धार होती. "इतकी वर्षं पेट्यांमध्ये, घरांमध्ये. आणि गाड्या उभ्या. का?"

मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. आत्याबाईंनी पाना थांबवला नाही.

"मॅडम, तुमच्या घरी नळाला पाणी कधी येतं?"

"म्हणजे?"

"ज्याच्याकडे रोज येतं तो एक घागर भरतो. ज्याला उद्या येईल की आठवड्याने हे ठाऊक नाही, तो हंडे भरतो, बादल्या भरतो, वाट्यासुद्धा भरून ठेवतो. मग टाकीत पाणी उरत नाही आणि शेजारचा कोरडा राहतो. चूक आमची आहेच. मी तर त्यात म्होरकी. पण नळ तुमच्या हातात आहे."

अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्या सोसायटीत तिसऱ्या दिवशी येतं," त्या म्हणाल्या. "माझ्या न्हाणीघरात सात बादल्या आहेत. पाय ठेवायला जागा नाही."

आत्याबाई अशा हसल्या की बोनेट वाजलं.

पुढे त्यातून बरंच काही झालं. लहानसहान भाग डेपोने स्वतःच गावातून घ्यावेत, वरच्या सह्यांसाठी थांबू नये, असा नियम आधी आमच्या डेपोला आणि मग सगळ्या डेपोंना लागला. वर्कशॉपमध्ये उघडी फळी आली, कुलूप नसलेली. कुणी आत्याबाईंना दुसऱ्या डेपोत बोलावून नेई, तिथे त्या आपली कथा सांगत आणि सांगता सांगता तिथल्या पेट्या उघडवत. त्या अधिकारी बाईंनी दुसरीकडे पुष्कळ कारखाने बंदही केले, ते त्यांना करावेच लागले. ते सगळं नंतरचं. आमची गोष्ट त्या सकाळची आहे.

नळी बसली. पाणी भरलं. थेंब पडला नाही. आत्याबाई स्वतः आसनावर चढून बसल्या. वरच्या गावची गाडी हुंकारली, थरथरली, आणि आवारातून निघाली. तिच्या मागे पंपमेस्त्री धावत होता, धुराचा रंग बघत. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रखवालदाराने उजव्या ढिगावर खडा टाकला. त्या एका खड्याचा आवाज मी अजून ऐकतो.

"डेपो राहील," अधिकारी बाई म्हणाल्या. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि दुसऱ्यांदा पुन्हा म्हणाल्या, बहुधा स्वतःसाठी.

काय झालं ते शब्दांत कसं धरू? डेपोतल्या सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजू लागले. मॅनेजर टर्नरच्या गळ्यात पडला. आमचे म्हातारे रस्त्यावर नाचले. पोरांनी आत्याबाईंना उचलायला हात पुढे केले तेव्हा त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या रे. कंबर मोडेल. माझी नाही, तुमची."

आम्ही गाडीत चढलो. मी मागच्या आसनावर बसलो. ड्रायव्हरने जागा घेतली, कंडक्टरने घंटी दिली, आणि गाडी आमच्या डोंगराकडे वळली. आत्याबाई गाडीत आल्या नाहीत. आदल्या सकाळपासून त्या घरी गेल्या नव्हत्या. फाटकाबाहेरच्या नळावर त्यांनी हात धुतले, पाणी झटकलं, पदर सारखा केला आणि भिंतीकडेच्या पायवाटेने घराकडे चालू लागल्या. हळूहळू नाही, ताठ मानेने, दोन्ही हात मोकळे सोडून. वळणावर सूनबाई कडेवर बाळ घेऊन उभ्या होत्या. बाळाने हात पुढे केले.

अधिकारी बाई मोटारीचं दार उघडं धरून तशाच उभ्या होत्या आणि बघत होत्या. टर्नर बघत होता. पंपमेस्त्री फाटकाच्या दगडी खांबावर चढला होता, बाकीच्यांच्या डोक्यांवरून दिसावं म्हणून. आणि चढ लागेपर्यंत मागच्या काचेला नाक लावून आम्ही, वरच्या गावची माणसं.